अध्यक्षीय प्रचार, ‘उच्चभ्रू’पणाचा आरोप आणि राजकीय भाष्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीच्या बातम्या मराठी वाचक दर चार वर्षांनी उत्सुकतेने वाचतात आणि दर वेळी एक आरोप त्यांच्यासमोर येतो : अमुक उमेदवार उच्चभ्रू आहे, सामान्य माणसाशी त्याची नाळ तुटली आहे. या आरोपाचा सर्वांत बोलका प्रसंग २००८ सालचा आहे, म्हणून पुढील बहुतेक उत्तरे त्या प्रचाराभोवती आहेत. आरोप मात्र त्याहून फार जुना आहे, त्यामुळे काही ठिकाणी मागे जावे लागले आहे आणि काही ठिकाणी पुढे.

उमेदवाराला उच्चभ्रू ठरवताना त्याची श्रीमंती मोजली जाते का?

बहुतेक वेळा मोजली जात नाही. अमेरिकी मतदाराने श्रीमंत उमेदवार कधीच वर्ज्य मानलेला नाही. रूझवेल्ट, केनेडी आणि बुश ही तिन्ही घराणी सधन होती आणि तिन्ही घराण्यांतून अध्यक्ष झाले. फ्रँकलिन रूझवेल्ट हडसन नदीकाठच्या जमीनदार कुटुंबातले, हार्वर्डचे पदवीधर. तरीही मंदीच्या आणि महायुद्धाच्या काळात कामगारांनी त्यांना भरभरून मते दिली आणि ते चार वेळा निवडून आले. मतदाराला खुपते ती तुच्छता, किंवा तुच्छता आहे अशी शंका. हा माणूस आपल्याशी बोलतो तसाच आपल्या पाठीमागेही आपल्याविषयी बोलतो का, हा तो प्रश्न आहे. बँकेतल्या शिलकेवरून त्याचे उत्तर मिळत नाही, म्हणून लोक ते बोलण्याच्या ढंगातून, खाण्यापिण्याच्या सवयींतून आणि चुकून निसटलेल्या वाक्यांतून शोधत राहतात. या शोधात मतदाराच्या आधी भाष्यकार पोहोचतो आणि अडचणीची सुरुवात तिथेच होते.

एप्रिल २००८ मध्ये बराक ओबामा नेमके काय म्हणाले होते?

६ एप्रिल २००८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एका खासगी घरी निधी संकलनाचा कार्यक्रम होता. डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी ओबामा आणि हिलरी क्लिंटन यांच्यात तेव्हा अटीतटीची लढत चालू होती आणि २२ एप्रिलला पेनसिल्व्हेनियात पक्षांतर्गत प्राथमिक निवडणूक व्हायची होती. तिथल्या कामगार मतदारांना आपलेसे करणे का कठीण जाते, हे समजावून देताना ओबामा म्हणाले की, या लहान गावांतून पंचवीस वर्षांपूर्वी रोजगार गेला आणि त्याच्या जागी दुसरे काही आले नाही. अध्यक्ष बिल क्लिंटन आणि अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश या दोघांच्याही काळात गावे पुन्हा उभी राहतील असे सांगितले गेले, पण ती उभी राहिली नाहीत. तेव्हा तिथली माणसे कडवट झाली, बंदुकीला किंवा धर्माला चिकटून राहिली, आपल्यासारखे नसलेल्यांविषयी, स्थलांतरितांविषयी किंवा परदेशी व्यापाराविषयी त्यांच्या मनात अढी बसली, तर त्यात नवल नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

पहिला अर्धा भाग अर्थकारणाचा होता आणि तो खरा होता. गदारोळ झाला तो उरलेल्या अर्ध्यावर.

मग ते वाक्य एवढे का झोंबले? त्यात शिवी तर नव्हती.

शिवी नव्हती, पण शिवीपेक्षा बोचेल असे काही त्यात होते. ज्याच्या घरात चार पिढ्या रविवारी चर्चला जाण्याची रीत आहे, ज्याला आजोबांनी हरणाच्या शिकारीसाठी पहिली बंदूक हातात दिली, त्याला कोणी सांगितले की तुझी श्रद्धा आणि तुझा छंद म्हणजे नोकरी गेल्याचा परिणाम आहे, तर त्याला ते अपमानकारक वाटणारच. आपली मते विचारांती झालेली आहेत असे प्रत्येक माणूस मानतो. दुसऱ्याची मते मात्र त्याच्या परिस्थितीची लक्षणे आहेत असे मानण्याची सवय शिकलेल्यांना फार लवकर लागते. ओबामांच्या वाक्यात ती सवय उघडी पडली. धर्म आणि बंदूक यांच्याच रांगेत परक्यांविषयीची अढीही येऊन बसल्यामुळे भाविक माणूस आणि द्वेष बाळगणारा माणूस एकाच मापाने मोजले गेले.

दुसरी गोष्ट श्रोत्यांची. हे बोलणे पेनसिल्व्हेनियातल्या एखाद्या युनियनच्या सभागृहात झाले असते, तर समोरच्या माणसाला उलट उत्तर देता आले असते. ते झाले हजारो मैल दूर, देशातल्या अत्यंत महागड्या शहरात, देणगीदारांपुढे. गैरहजर माणसांचे वर्णन त्यांच्याहून सुस्थितीतल्या माणसांसमोर केले गेले होते आणि पेनसिल्व्हेनियातल्या लोकांनी ते बरोबर हेरले. ओबामांनी लवकरच मन्सी, इंडियाना येथे आपली मांडणी चुकल्याचे मान्य केले, मात्र लोक नाराज आहेत हा मूळ मुद्दा सोडला नाही. माझ्या मते मुद्दा न सोडण्यात ते बरोबर होते आणि मांडणीविषयी जो राग उसळला तोही रास्त होता.

खासगी कार्यक्रमातले बोलणे बाहेर कसे आले आणि ते प्रसिद्ध करणे योग्य होते का?

कार्यक्रम पत्रकारांसाठी खुला नव्हता. मेहिल फाउलर या ‘हफिंग्टन पोस्ट’च्या नागरिक-पत्रकारितेच्या उपक्रमासाठी लिहीत होत्या, त्या ओबामांच्या समर्थक होत्या, त्यांनी देणगीही दिली होती आणि त्या नात्याने त्या तिथे हजर होत्या. त्यांनी ध्वनिमुद्रण केले आणि ११ एप्रिलला लेख प्रसिद्ध केला. पाहुणी म्हणून गेलेल्या व्यक्तीने वार्ताहर व्हावे का, यावर बराच वाद झाला.

मला हा वाद दुय्यम वाटतो. अध्यक्षपदाचा उमेदवार शंभर माणसांसमोर मतदारांविषयी जे बोलतो, ते मतदारांना कळणे गैर नाही. फाउलर यांच्या लेखात संदर्भही होता आणि आपुलकीही होती. दूरचित्रवाणीवर पोहोचेपर्यंत त्यातले ‘कडवट’ आणि ‘चिकटून राहतात’ एवढेच शिल्लक राहिले. पंचवीस वर्षांपूर्वी गेलेल्या रोजगाराचा उल्लेख पहिल्या दोन दिवसांतच गळून पडला, आणि मला त्या साऱ्या प्रकरणात सर्वांत खटकते ते हेच.

हिलरी क्लिंटन स्वतः सधन असताना त्यांना हा आरोप करणे कसे शक्य झाले?

क्लिंटन यांनी ओबामांचे बोलणे उच्चभ्रू आणि लोकांपासून तुटलेले ठरवले. याच्या आठवडाभर आधी, ४ एप्रिलला, क्लिंटन दांपत्याने आपली करविवरणपत्रे जाहीर केली होती आणि २००० सालापासून त्यांचे एकत्रित उत्पन्न सुमारे १० कोटी ९० लाख डॉलर असल्याचे त्यांतून दिसले होते. त्या वेलस्ली महाविद्यालय आणि येल विधी महाविद्यालयात शिकलेल्या, आठ वर्षे व्हाइट हाउसमध्ये राहिलेल्या. ओबामा हवाईत आजी-आजोबांकडे वाढलेले, वडिलांनी लहानपणीच घर सोडलेले, शिकागोच्या वस्त्यांत संघटक म्हणून काम केलेले आणि शिक्षणासाठीचे कर्ज चाळिशीपर्यंत फेडत राहिलेले.

तरीही आरोप लागू पडला, कारण क्लिंटन यांच्याकडे पेनसिल्व्हेनियाच्या मातीतली कथा होती. त्यांचे आजोबा स्क्रँटनच्या लेस गिरणीत कामाला होते, उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या तिथल्या तळ्याकाठच्या घरी जात आणि तिथेच वडिलांनी आपल्याला बंदूक चालवायला शिकवले, असे त्यांनी सांगितले. इंडियानातल्या क्राउन पॉइंट येथील एका बारमध्ये त्यांनी कॅमेऱ्यांसमोर व्हिस्कीचा पेला घेतला. ओबामांनी त्यावर त्यांची तुलना नेमबाज ॲनी ओकलीशी करून टोला लगावला. हे सारे पाहताना त्या गावांतल्या बंद कारखान्यांविषयी दोघांच्या योजनांत काय फरक आहे, हे वाचकाला शोधून काढावे लागत होते.

हा आरोप अमेरिकी राजकारणात किती जुना आहे?

किमान अँड्रू जॅक्सन यांच्या काळाइतका. १८२८ मध्ये त्यांनी अध्यक्षांचे चिरंजीव असलेल्या जॉन क्विन्सी ॲडम्स यांचा पराभव केला तो सामान्यांचा माणूस म्हणून. पण या आरोपाचे तंत्र पूर्ण विकसित झालेले दिसते ते १८४० च्या निवडणुकीत, आणि ती निवडणूक सविस्तर सांगण्याजोगी आहे.

तेव्हाच्या विरोधी व्हिग पक्षाने विल्यम हेन्री हॅरिसन यांना उभे केले. हॅरिसन यांचा जन्म व्हर्जिनियातल्या बर्कली या मोठ्या मळ्यावर झाला होता. त्यांचे वडील स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक. बाल्टिमोरच्या एका विरोधी वृत्तपत्राने हॅरिसन यांची टर उडवताना लिहिले की, या म्हाताऱ्याला सायडरचे, म्हणजे सफरचंदाच्या कडक दारूचे, एक पिंप आणि थोडे निवृत्तिवेतन द्या, तो आपल्या लाकडी ओंडक्यांच्या खोपटात सुखाने बसून राहील. खोपटात राहणाऱ्या आणि सायडर पिणाऱ्या लक्षावधी मतदारांना हा शेरा आपल्यावरच आहे असे वाटले. व्हिग पक्षाने संधी साधली आणि ओंडक्यांचे खोपट हीच आपली प्रचारखूण केली. मिरवणुकांत खोपटांच्या प्रतिकृती निघाल्या, सायडरची पिंपे फुटली, गाणी रचली गेली.

समोर होते अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन, न्यूयॉर्कमधील किंडरहूक या गावच्या खानावळवाल्याचे चिरंजीव. पेनसिल्व्हेनियाचे प्रतिनिधी चार्ल्स ओगल यांनी एप्रिल १८४० मध्ये प्रतिनिधिगृहात लांबलचक भाषण करून व्हाइट हाउसमधील भांडी, आरसे आणि पडदे यांची यादी वाचली आणि अध्यक्ष सोन्याच्या चमच्याने जेवतात असे चित्र उभे केले. देश १८३७ च्या आर्थिक संकटातून अजून सावरला नव्हता, त्यामुळे हे चित्र लोकांच्या मनावर ठसले. हॅरिसन २३४ विरुद्ध ६० अशा इलेक्टोरल मतांनी जिंकले. मळ्याच्या मालकाचा मुलगा खोपटातला ठरला आणि खानावळवाल्याचा मुलगा राजेशाही थाटाचा. जन्माच्या दाखल्याशी या आरोपाचा संबंध किती विरळ आहे, हे त्या वर्षीच सिद्ध झाले होते. शिवाय दोन्ही बाजूंच्या वृत्तपत्रांचा त्यात पुरेपूर हात होता.

विसाव्या शतकात याच आरोपाचा रोख बुद्धिजीवींकडे वळला. १९५२ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवार ॲडलाय स्टीव्हन्सन यांना ‘एगहेड’, म्हणजे पुस्तकी पंडित, म्हणून हिणवले गेले. १९६८ मध्ये तिसऱ्या पक्षाचे उमेदवार जॉर्ज वॉलेस यांनी प्राध्यापक आणि नोकरशहांना लक्ष्य केले. १९८८ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवार मायकेल डुकाकिस यांनी आयोवातल्या शेतकऱ्यांना बेल्जियन एन्डाइव्ह ही भाजी लावून पाहा असे सुचवल्याची आठवण त्यांना पुन्हा पुन्हा करून दिली गेली. त्यांच्यावर हार्वर्डचा शिक्का मारणारे जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश स्वतः येलचे पदवीधर आणि सिनेटरचे चिरंजीव होते.

बोलिंग आणि सॅलडची पाने यांना एवढे महत्त्व का मिळाले?

२००७ च्या उन्हाळ्यात आयोवातल्या ॲडेल येथे शेतकऱ्यांशी बोलताना ओबामांनी विचारले की, होल फूड्स या महागड्या किराणा दुकानांच्या साखळीत अरुगुलाचा भाव काय आहे हे कोणी पाहिले का. बोलण्याचा विषय असा होता की, ग्राहक जास्त पैसे मोजतो पण ते शेतकऱ्याच्या हाती पडत नाहीत. हा प्रश्न आपल्याकडच्या कांदा उत्पादकालाही पोटतिडकीचा वाटेल. बातमी झाली ती अरुगुलाची, म्हणजे सॅलडमध्ये घालायच्या किंचित कडवट पानांची. पुढे मार्च २००८ मध्ये अल्टूना, पेनसिल्व्हेनिया येथे ओबामा बोलिंग, म्हणजे जड चेंडू घरंगळत सोडून खुंट्या पाडण्याचा खेळ, खेळले आणि त्यांचे ३७ गुण झाले. तीनशेपैकी सदतीस हा आकडा वृत्तवाहिन्यांवर अनेक दिवस फिरत राहिला. न्यूयॉर्क टाइम्सचे स्तंभलेखक डेव्हिड ब्रुक्स यांनी दूरचित्रवाणीवर सांगितले की, ॲपलबीज या उपाहारगृहाच्या सॅलड बारपाशी ओबामा सहज मिसळून जातील असे वाटत नाही. ॲपलबीजमध्ये साधारणपणे सॅलड बार नसतो, हे प्रेक्षकांनी लगेच दाखवून दिले.

अशा तपशिलांना महत्त्व मिळण्याची कारणे व्यवहारातली आहेत. २००८ ची प्राथमिक लढत जानेवारीपासून जूनपर्यंत लांबली होती आणि चोवीस तास चालणाऱ्या वाहिन्यांना रोज नवा विषय हवा होता. आरोग्य विम्याविषयी दोन्ही डेमोक्रॅटिक उमेदवारांच्या योजनांतला फरक सांगायला दहा मिनिटे आणि अभ्यास लागतो. बोलिंगची चित्रफीत वीस सेकंदांची असते आणि तिच्यावर कोणालाही मत देता येते. शिवाय धोरणावर मत दिले तर भाष्यकार एका बाजूचा ठरतो. उमेदवाराच्या ढंगावर मत दिले तर तो तटस्थ दिसतो. १६ एप्रिलला फिलाडेल्फियात एबीसी वाहिनीने घेतलेल्या वादसभेत सुरुवातीचा बराच वेळ याच ‘कडवट’ शब्दावर आणि कोटावर लावायच्या राष्ट्रध्वजाच्या बिल्ल्यासारख्या विषयांवर गेला. त्याबद्दल सूत्रसंचालकांवर जी टीका झाली ती योग्यच होती, असे मला वाटते.

सामान्य माणसाच्या वतीने बोलणारे भाष्यकार स्वतः कोणत्या वर्गातले असतात?

राष्ट्रीय वाहिन्यांवरचे प्रमुख भाष्यकार वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्कमध्ये राहतात, नामांकित विद्यापीठांतून आलेले असतात आणि त्यांच्यातल्या आघाडीच्या सूत्रसंचालकांचे वेतन लाखो डॉलरमध्ये असते. जानेवारी २००८ मध्ये न्यू हॅम्पशरच्या सेंट अँसेल्म महाविद्यालयात झालेल्या वादसभेत सूत्रसंचालक चार्ल्स गिब्सन यांनी करांविषयी प्रश्न विचारताना गृहीत धरले की, त्या महाविद्यालयातल्या प्राध्यापक पती-पत्नीचे उत्पन्न दोन लाख डॉलरच्या गटात असेल. समोर बसलेले श्रोते मोठ्याने हसले. लहान महाविद्यालयातल्या अध्यापकाला किती पगार मिळतो हे ज्याला ठाऊक नाही, तोच पुढच्या वादसभेत उमेदवाराची नाळ तुटली आहे का हे तपासत होता. मी हे गिब्सन यांच्या सचोटीवर शंका घेण्यासाठी लिहीत नाही. पण तपासणाराही त्याच मजल्यावर राहतो, हे वाचकाला माहीत असायला हवे.

अशा भाष्यकाराला श्रमिक माणूस प्रत्यक्ष भेटत नाही, म्हणून तो त्याची प्रतिमा तयार करतो : हा माणूस बिअर पितो, बोलिंग खेळतो, शिकार करतो आणि सॅलड खात नाही. मग उमेदवाराला त्या प्रतिमेवर घासून पाहिले जाते. अल्टूनात राहणारी परिचारिका, ॲलनटाउनमधले पोर्तो रिकोहून आलेले कुटुंब, फिलाडेल्फियातला कृष्णवर्णीय बसचालक हे सारे श्रमिकच आहेत, पण त्या प्रतिमेत त्यांना जागा मिळत नाही. माझ्या दृष्टीने तुच्छतेचा हा प्रकार ओबामांच्या वाक्याहून कमी गंभीर नाही.

भाष्यकारांवर हाच आरोप उलटवण्याची रीतही जुनी आहे. १३ नोव्हेंबर १९६९ रोजी उपाध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू यांनी डी मॉइन येथे भाषण करून, दूरचित्रवाणीवर काय दिसावे हे मूठभर माणसे ठरवतात आणि ती सारी वॉशिंग्टन व न्यूयॉर्कमध्ये एकमेकांच्या सहवासात राहतात, असा हल्ला चढवला. निरीक्षणात तथ्य होते; हेतू मात्र अध्यक्ष निक्सन यांच्या व्हिएतनाम धोरणावरची टीका थांबवण्याचा होता.

म्हणजे उमेदवाराला अवघड प्रश्न विचारणे हाही उच्चभ्रूपणा मानायचा का?

अजिबात नाही, आणि या बाबतीत २००८ मधील रिपब्लिकन पक्षाच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार, अलास्काच्या गव्हर्नर सारा पेलिन यांचे उदाहरण उपयोगी आहे. सप्टेंबर २००८ मध्ये सीबीएसच्या केटी कुरिक यांनी त्यांना विचारले की, जगाविषयीची माहिती मिळवण्यासाठी तुम्ही कोणती वृत्तपत्रे आणि नियतकालिके वाचता. पेलिन यांना एकही नाव सांगता आले नाही. अलास्कातल्या बाईला कमी लेखण्यासाठी हा प्रश्न विचारला गेला, असे त्यांच्या समर्थकांचे म्हणणे पडले. उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराला विचारण्यासाठी याहून साधा प्रश्न शोधणे कठीण आहे. उच्चभ्रूपणाचा आरोप इथे ढाल म्हणून वापरला गेला. ज्ञानाची अपेक्षा ठेवणे म्हणजे सामान्य माणसाचा अपमान, असे मानणाऱ्यानेच सामान्य माणसाला अज्ञानी धरलेले असते.

दुसरीकडे, पेलिन यांचे उच्चार, त्यांचे गाव, त्यांची पाच मुले यांवर ज्या तऱ्हेचे भाष्य झाले, त्यातला बराचसा भाग खरोखरच हिणकस होता. एकाच उमेदवाराच्या बाबतीत दोन्ही गोष्टी घडल्या.

ओबामांवरच्या आरोपात वर्णभेदाचा भाग होता का?

होता, आणि तो नाकारण्याने काही साधत नाही. प्रत्येक टीकाकाराच्या मनात तो होता असे म्हणणे अन्याय्य ठरेल. स्टीव्हन्सन, डुकाकिस आणि २००४ चे डेमोक्रॅटिक उमेदवार जॉन केरी या गोऱ्या उमेदवारांवरही हाच आरोप झाला होता. पण कृष्णवर्णीय माणसाच्या आत्मविश्वासाला उद्दामपणा म्हणण्याची अमेरिकेत, विशेषतः दक्षिणेत, फार जुनी आणि हिंसक परंपरा आहे. सप्टेंबर २००८ मध्ये जॉर्जियाचे प्रतिनिधी लिन वेस्टमोरलंड यांनी ओबामा दांपत्याविषयी बोलताना नेमका ‘अपिटी’ हा शब्द वापरला, जो दक्षिणेत आपली पायरी सोडून वागणाऱ्या कृष्णवर्णीयांसाठी वापरला जाई. जातीची उतरंड पाहिलेल्या मराठी वाचकाला यातला डंख वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

रिपब्लिकन उमेदवारांवर असा आरोप होत नाही का?

होतो, फक्त तो बहुधा पैशाच्या अंगाने होतो. ऑगस्ट २००८ मध्ये जॉन मॅकेन यांना आपली घरे किती आहेत हे चटकन सांगता आले नाही आणि ओबामांच्या प्रचारयंत्रणेने काही तासांत त्यावर जाहिरात तयार केली. पेलिन यांच्या कपड्यांवर पक्षाने सुमारे दीड लाख डॉलर खर्च केल्याची बातमी ऑक्टोबरमध्ये आली. मे २०१२ मध्ये मिट रॉम्नी यांनी फ्लोरिडातल्या बोका रटॉन येथे देणगीदारांसमोर सांगितले की, ४७ टक्के लोक सरकारवर अवलंबून असून स्वतःला पीडित समजतात. गुप्तपणे चित्रित केलेली ही फीत सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध झाली. सॅन फ्रान्सिस्को आणि बोका रटॉन या दोन प्रसंगांची घडण सारखीच आहे : बंद दार, पैसेवाले श्रोते आणि गैरहजर माणसांचे वर्गीकरण. सप्टेंबर २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या निधी संकलन कार्यक्रमात हिलरी क्लिंटन यांनी ट्रम्प यांच्या निम्म्या समर्थकांना तिरस्करणीय ठरवले, तेव्हा जवळपास तेच पुन्हा घडले. अध्यक्षपदाच्या प्रचाराला लागणारा प्रचंड पैसा उमेदवारांना सतत अशा दिवाणखान्यांत घेऊन जातो, हे यामागचे साधे कारण आहे आणि त्याकडे भाष्यात फारसे लक्ष दिले जात नाही.

आरोप चुकीचाही असू शकतो. फेब्रुवारी १९९२ मध्ये किराणा व्यापाऱ्यांच्या ऑरलँडो येथील अधिवेशनात अध्यक्ष जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश यांना किमती वाचणारे यंत्र पाहून आश्चर्य वाटले, अशी बातमी पहिल्या पानावर छापून आली आणि त्यांना दुकानात जाण्याची सवयच नाही असा अर्थ काढला गेला. ते यंत्र फाटलेली खूणपट्टीही वाचू शकणारे नवीन प्रकारचे होते, असा खुलासा पुढे आला. पण तोवर ठसा उमटला होता.

मग डोनाल्ड ट्रम्प यांना हा आरोप का चिकटला नाही?

ट्रम्प यांनी आपली श्रीमंती कधी लपवली नाही. ती त्यांनी विजयचिन्हासारखी मिरवली. मॅनहॅटनमधल्या मनोऱ्यावर स्वतःचे नाव सोनेरी अक्षरांत लावणाऱ्या माणसाला श्रीमंतीवरून डिवचता येत नाही. जून २०१८ मध्ये मिनेसोटातल्या डुलूथ येथील सभेत त्यांनी विचारले की, त्या लोकांना उच्चभ्रू का म्हणायचे, माझे घर त्यांच्याहून चांगले आहे. सभेने टाळ्या वाजवल्या. वाहिन्यांवरचे भाष्यकार ज्या सुरात ट्रम्प यांच्याविषयी बोलत, तोच सूर त्या सभेतल्या माणसांनी स्वतःविषयी अनेकदा ऐकला होता. अब्जाधीश आणि बेरोजगार यांना एकत्र आणणारा दुवा तो होता. करसवलतीतून कोणाच्या पदरात किती पडले, हा प्रश्न विचारणाऱ्याचाच अधिकार आधी नाकारला गेला होता, त्यामुळे उत्तराची वेळच आली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका मॅकडोनाल्ड्समध्ये एप्रन बांधून ट्रम्प यांनी बटाट्याचे तळलेले काप दिले, तेव्हा तो देखावा आहे हे सर्वांनाच दिसत होते आणि तरीही त्याची चर्चा वेतनाच्या दरापेक्षा अधिक झाली.

या आरोपाने निवडणुकीचा निकाल बदलतो का?

थेट बदलतो असे म्हणायला आधार थोडा आहे. २२ एप्रिल २००८ ला क्लिंटन यांनी पेनसिल्व्हेनिया सुमारे नऊ टक्क्यांच्या फरकाने जिंकले, पण वादापूर्वीच्या चाचण्यांतही त्या आघाडीवर होत्या. नोव्हेंबरमध्ये ओबामांनी तेच राज्य दहा टक्क्यांहून अधिक फरकाने जिंकले आणि १९६४ नंतर प्रथमच इंडियाना डेमोक्रॅटिक पक्षाकडे आणले. १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स ही बडी गुंतवणूक बँक बुडाल्यावर घरांचे हप्ते आणि निवृत्तीची बचत यांपुढे अरुगुलाचा प्रश्न मागे पडला. परिणाम दिसतो तो दीर्घ मुदतीचा. पदवी नसलेला गोरा मतदार, जो रूझवेल्ट यांच्या काळापासून डेमोक्रॅटिक पक्षाचा कणा होता, तो हळूहळू त्या पक्षापासून दूर गेला आणि पदवीधर त्या पक्षाकडे आले. यामागे व्यापारकरार, कामगार संघटनांचा ऱ्हास, वर्ण आणि स्थलांतर अशी अनेक कारणे आहेत. आपल्याला तिथे मान नाही ही भावना त्यांपैकी एक आहे आणि ती कमी लेखण्याचे कारण नाही.

ज्या गावांविषयी ओबामा बोलले, तिथे पुढे काय झाले?

जॉन्सटाउन येथील बेथलेहेम स्टीलचे कारखाने ‘कडवट’ प्रकरणाच्या आधीच, १९९२ मध्ये, बंद झाले होते. बेथलेहेम शहरातल्या मूळ कारखान्यात पोलाद ओतणे १९९५ मध्ये थांबले, कंपनी २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि २००९ मध्ये त्या जागेवर कॅसिनो उघडला. जॉन्सटाउन ज्यात आहे त्या केंब्रिया परगण्याने २००८ मध्ये, त्या वाक्यानंतरही, अगदी निसटत्या फरकाने ओबामांना कौल दिला होता. विल्क्स-बॅरी ज्यात आहे त्या लुझर्न परगण्याने ओबामांना २००८ आणि २०१२ अशी दोनदा आघाडी दिली. म्हणजे बोल लागलेल्या माणसांनीच बोलणाऱ्याला संधी देऊन पाहिली. २०१६ मध्ये हे दोन्ही परगणे मोठ्या फरकाने ट्रम्प यांच्याकडे गेले आणि सुमारे ४४ हजार मतांनी पेनसिल्व्हेनिया राज्यही गेले. त्या निकालानंतर राष्ट्रीय वृत्तपत्रांचे प्रतिनिधी लुझर्न परगण्यातल्या उपाहारगृहांत जाऊन लोकांशी बोलू लागले. रोजगार जाऊन तोवर तीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता.